वनूच्या विमानाची तयारी

तयारी ही गोष्ट देवानं माणसांना वाटायला घेतली तेव्हा माझ्या बायकोचे मामा आदल्या दिवसापासून रांगेत जाऊन बसले असणार, आणि ते आपला वाटा घेऊन निघाल्यावर मागच्यांसाठी फारसं काही उरलं नसणार, याबद्दल माझ्या मनात कधीच शंका आली नाही. मामांची सारी नोकरी रेल्वेत गेली. लहानलहान ठिकाणी ते स्टेशनमास्तर होते, जिथे मोजक्या गाड्या थांबत आणि बाकीच्या धूळ उडवत निघून जात. पेन्शन घेतल्यावर ते सोलापुरात मोदी नावाच्या वस्तीत दोन खोल्या घेऊन राहिले. स्टेशन जवळ असावं म्हणून नव्हे, तर स्टेशनपर्यंत पोचायच्या वाटेत काही अडचण आली तर ती निस्तरायला वेळ मिळावा म्हणून. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा कोट, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल आणि हातात कॅनव्हासची पिशवी. त्या पिशवीत सुईदोरा, तुरटी, सुतळी, काड्यांची पेटी, सुंठीची पूड आणि एक कुलूप असे. कुलूप कशाला, असं मी एकदा विचारलं. मामा म्हणाले, "जावईबापू, कुलूप लावायची वेळ सांगून येत नाही."

करमाळ्याला आमच्याकडचं एक लग्न होतं. मुहूर्ताची घटका भरत आली, भटजींनी आंतरपाट मागितला, आणि घरातल्या बायकांनी तो उलगडला तर मधोमध उंदरानं कुरतडून खिडकीएवढं भोक पाडलेलं. नवरा-नवरी त्या भोकातून एकमेकांकडे बघून हसायला लागली. मांडवात धावपळ उडाली. तेवढ्यात मागच्या रांगेतून मामा उठले, शांतपणे पिशवी उघडली आणि स्वच्छ, घडी केलेलं, कुंकवानं स्वस्तिक काढलेलं कापड भटजींच्या हातात दिलं. दुसऱ्याच्या लग्नाला जाताना आंतरपाट घेऊन जाणारा माणूस मी तरी त्याआधी पाहिला नव्हता. सगळा मांडव खदखदून हसला. मामा हसले नाहीत. यात हसण्यासारखं काय आहे हेच त्यांना कळेना. दुसऱ्या एका प्रसंगी त्यांची दाढ काढायची होती. तर त्याआधीचे कित्येक दिवस ते रोज सकाळी न्हाव्याच्या दुकानात जाऊन, खुर्चीत मान मागे टाकून, तोंडाचा आ करून बसत. न्हावी बिचारा म्हणे, "मास्तर, दाढी करू का?" मामा हातानंच नको म्हणत. तोंड मिटलं तर सराव मोडला असता.

मामी हयात होत्या तेव्हा यावर हसायचं काम त्यांच्याकडे होतं. "यांनी लग्नाची इतकी तयारी केली, की लग्नाच्या दिवशी दमून ताप आला," असं त्या सांगत, आणि मामा "अंगात कणकण होती, ताप नव्हता," अशी दुरुस्ती करत. मामी गेल्या त्या अगदी अचानक. सकाळी त्यांनी मामांना डबा भरून दिला, आणि संध्याकाळी मामा ड्यूटीवरून परत आले तेव्हा शेजारपाजारची माणसं दारात उभी होती. मामा त्याबद्दल कधी बोलत नसत. पण पिशवी त्यानंतर जड झाली, असं माझी बायको म्हणे. मूलबाळ नव्हतं. भाचीची मुलगी, म्हणजे आमची वनू, हाच त्यांचा सगळा गोतावळा.

वनू तेव्हा पाच वर्षांची होती. तीस सालानंतरची ती दोन-तीन वर्षं. गावातली मार्शल लॉची मोठी धामधूम ओसरून लोक पुन्हा आपापल्या कामाला लागले होते. वनूला आदल्या हिवाळ्यात गोवर आला आणि त्यातच तिचा कान दुखून फुटला. कान बरा झाला. डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं आणि ऐकू सगळं येतं म्हणाले. पण मोठ्या आवाजाची तिनं अशी धास्ती घेतली की काही विचारू नये. गिरणीचा भोंगा झाला की ही कोठीच्या खोलीत, ज्वारीच्या कणगीमागे. गल्लीत वरातीचा ताशा आला की ही आईच्या पदरात, आणि ताशा पार दूर गेल्यावरही अंग थरथरतच. सोलापुरात राहायचं आणि भोंग्याला भ्यायचं, म्हणजे दिवसातून किती वेळा जीव मुठीत धरायचा! शाळेत घालायचं वय झालं होतं, पण शाळेची घंटा ऐकून ती फाटकातूनच परत फिरली होती. "वयानं जाईल," असं सगळे म्हणत. माझी बायको मात्र रोज वाट बघे, आणि ते काही जात नव्हतं.

आणि अशात एका सकाळी गावावरून विमान गेलं. विमान ही आम्हाला वर्तमानपत्रातल्या चित्रात बघायची वस्तू. घर्र करत ते छपरांवरून गेलं तेव्हा अख्खी पेठ रस्त्यावर आली. बायकांच्या हातांना पीठ, पुरुषांच्या तोंडावर साबण. मी आधी धावलो तो कोठीच्या खोलीकडे. कणगीमागे वनू नव्हती. ती अंगणात उभी होती, दोन्ही हात कानांवर घट्ट दाबून, आणि मान मागे टाकून वर बघत होती. विमान दिसेनासं झालं तरी ती बघतच राहिली. मग कानांवरचे हात न काढता ती मोठ्यानं म्हणाली, "मला त्यात बसायचंय."

पुढे कळलं ते असं, की एक विमान कंपनी गावोगाव फिरून तिकीट लावून लोकांना विमानात बसवत होती. त्या दिवशी त्यांचा माणूस फक्त जागा बघून गेला होता. होटगीच्या बाजूचा माळ त्याला पसंत पडला आणि संक्रांतीनंतर विमान येणार असं ठरलं. गावात छापील पत्रकं वाटली गेली. वनूनं त्यातलं एक उशीखाली ठेवलं आणि ती रोज तेच एक वाक्य म्हणू लागली.

"भोंग्याला भिणारी पोर विमानात बसवता?" माझी बायको म्हणाली. "वर गेल्यावर रडायला लागली तर तिथे कणगी आहे का लपायला?"

मामा नेहमीच्या जागी, दाराशी पाठ टेकून बसले होते. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाले, "भीती वाटते, आणि तरी जायचं म्हणते. म्हणजे पोरीनं अर्धं काम केलेलं आहे. उरलेली तयारी आपण करू."

"मामा, आगगाडी वेगळी आणि हे वेगळं. याला रूळसुद्धा नाहीत."

"तेच मला पसंत नाही," मामा गंभीरपणे म्हणाले. "पण ते आता बदलायला वेळ नाही."

शेवटी बायकोनं एका अटीवर होकार दिला. वनू नको म्हणाली, की असेल तिथून परत. कुणी तिला आग्रह करायचा नाही, समजूत घालायची नाही. मामांनी अट मान्य केली आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात विमानविद्या सुरू झाली. विमानात माणसाला चार गोष्टींचा त्रास होतो, आवाज, वारा, उंची आणि पोट, असा त्यांनी शोध लावला. स्वतः विमान जवळून बघितलेलं नसताना हा शोध त्यांनी कशावरून लावला ते त्यांनाच ठाऊक. चारही एकदम अंगावर आल्या तर मोठा माणूसही घाबरेल, म्हणून एकेक वेगळी शिकवायची आणि मग जोडायची.

आवाजासाठी ते वनूला साखर पेठेत नेऊ लागले. तिथे विणकरांची वस्ती. घराघरातून हातमाग चालत आणि सगळ्या गल्लीला खटक्-खटक् असा ठेका लागलेला असे. पहिल्या दिवशी दोघं गल्लीच्या तोंडाशी, जेमतेम ऐकू येईल इतक्या लांब उभी राहून परत आली. मग रोज एकेक घर पुढे. मी एकदा बरोबर गेलो होतो. नातीचं बोट धरून एक म्हातारा रोज येतो, थोडा वेळ उभा राहतो आणि काहीही न घेता परत जातो, याचं त्या गल्लीत मोठं नवल झालं होतं. अखेर नरसम्मा नावाच्या एका विणकरणीनं न राहवून विचारलं, "काय पाहिजे ओ मास्तर तुमाला? लुगडं का?"

"आवाज पाहिजे," मामा म्हणाले.

नरसम्मानं त्यांच्याकडे, मग कानांवर हात धरलेल्या वनूकडे पाहिलं. तिला सगळं कळलं असावं. तिनं आतून लाल सुताची एक लडी आणि सूत गुंडाळायची रिकामी कांडी आणली आणि वनूपुढे धरली. "हे गुंडाळून दे गं मला. माजं काम लई पडलंय." सूत गुंडाळायचं तर दोन्ही हात हवेत. वनू कितीतरी वेळ त्या कांडीकडे बघत राहिली. मग तिनं एक हात कानावरून काढला आणि थोड्या वेळानं दुसरा. मामा दुसरीकडेच बघत होते. मलाही त्यांनी डोळ्यांनी गप्प केलं. त्यानंतर वनू रोज मागाशेजारी बसून सूत गुंडाळू लागली. नरसम्माचं काम वाढलं की कमी झालं हे नरसम्मालाच माहीत. तिनं तक्रार केली नाही.

माग जमला, मग स्टेशन. तिथे मामांना सगळे ओळखत. पहिल्या दिवशी मालगाडी आली तशी वनूनं हात सोडवून धूम ठोकली आणि मालाच्या वजनकाट्यामागे जाऊन दडी मारली. मामा तिच्या मागोमाग गेले. ओढून काढणं नाही, रागावणं नाही. पांढऱ्या कोटासकट ते तिथे फरशीवर तिच्याशेजारी बसले, आणि सगळी गाडी जाईपर्यंत बसून राहिले. हमाल बघत होते. गाडी गेल्यावर मामा म्हणाले, "गेली?"

"गेली," वनू म्हणाली.

"आवाज असाच असतो. तो कुठून तरी निघालेला असतो आणि त्याला कुठे तरी जायचं असतं. आपल्याकडे राहायला येत नाही." एवढं बोलून त्यांनी पिशवीतून ब्रश काढला आणि कोट झटकला. असे किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत. पण एका दुपारी एका जुन्या ड्रायव्हरनं वनूला इंजिनात चढवून घेतलं आणि शिटीची दोरी तिच्या हातात दिली. तिनं डोळे मिटून ओढली. मग डोळे उघडून ओढली. मग सोडायलाच तयार होईना. त्या संध्याकाळी घरी येऊन तिनं आईला तो आवाज तोंडानं इतक्या वेळा करून दाखवला की शेजारचे लोक विचारायला आले.

वाऱ्यासाठी टांगा ठरवला. टप खाली पाडायचा आणि होटगी रस्त्याला मोकळ्या जागी घोडा जितका धावेल तितका पळवायचा. मामा मागून ओरडत, "आणखी जोरात!" टांगेवाल्यानं शेवटी लगाम खेचून मागे वळून म्हटलं, "मास्टरसाब, ये घोडा है, इमान नै!" उंचीसाठी किल्ल्याच्या बुरुजावर जाणं झालं. तिथून मामांनी तिला खालची माणसं दाखवली. "वरून सगळे असे मुंगीएवढे दिसतात. ते लहान झालेले नसतात, आपण लांब असतो. म्हणून घाबरायचं नाही." वनूनं ते नीट ऐकून ठेवलं. मुलं कुठलं वाक्य ठेवतील आणि कुठलं सांडतील याचा भरवसा नाही, हे तेव्हा मामांच्या ध्यानात आलं नसावं.

पोटाचा प्रयोग मात्र माझ्यावर झाला, कारण वनूबरोबर विमानात मी बसायचं होतं. विमानाला पुढे दोघांपुरतीच जागा असते आणि एका मोठ्या माणसानं लहान मुलाबरोबर बसायचं, अशी माहिती मामांनी काढली होती. मला झोपाळ्यावर बसवून ते झोका देत. एकदा शिरा खाऊन, एकदा भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन, एकदा नुसत्या ताकावर. शेंगाचटणीच्या दिवशी मी मध्येच उतरून मागच्या दारी पळालो, आणि पुढे दोन दिवस मला ताटातला पापडसुद्धा हलताना दिसत होता. त्यावरून विमानात उपाशीपोटी, फक्त लिंबाचं सरबत घेऊन बसायचं, असा नियम ठरला. वर गेल्यावर कान दडपतात असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यावर उपाय म्हणून खारीक तोंडात धरायची, चघळत राहायची, गिळायची नाही. कानात सरकीचे कण निवडून काढलेला मऊ कापूस. त्यावर बायकोनं विणलेली लोकरीची कानटोपी. शेवटच्या आठवड्यात आमच्या माजघरात रंगीत तालीम झाली. दोन पाट मांडून मी आणि वनू बसलो, तोंडात खारका, डोक्याला कानटोप्या. मामांनी रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर लाटण्यानं बडवत "घुर्रर्र" असा आवाज काढला आणि बायकोनं समोरून सुपानं वारा घातला. ती हसत होती. किती तरी दिवसांनी मी तिला तशी हसताना पाहिलं. दारात अर्धी गल्ली जमली होती. गल्लीला वाटलं असावं की घराला दृष्ट लागली आहे.

ठरलेल्या दिवशी आम्ही टांग्यातून माळावर गेलो. गर्दी तर विचारू नका. मंद्रूपकडून, मोडनिंबकडून माणसं बैलगाड्या जुंपून आली होती, आणि गाड्यांखाली बसून भाकऱ्या सोडत होती. विमान मधोमध उभं होतं, दोन मजली पंखांचं, वर उघडं. मला सकाळपासून सरबताखेरीज काही मिळालेलं नव्हतं आणि त्या भाकऱ्यांच्या वासानं मी कासावीस झालो होतो. मामा मात्र भरपेट जेवून आले होते. त्यांना जमिनीवरच राहायचं होतं. त्यांनी आपल्या नोकरीतलं हिरवं निशाण बरोबर आणलं होतं. "मी इथे, या बाभळीजवळ हे धरून उभा राहणार," त्यांनी वनूला बजावलं. "भीती वाटली की खाली बघायचं. निशाण दिसलं की समजायचं, सगळं ठीक आहे."

आमची पाळी आली. पुढचा पंखा एका माणसानं हातानं फिरवला आणि इंजिन सुरू झालं. तो आवाज हातमागासारखा नव्हता, इंजिनाच्या शिटीसारखाही नव्हता. तो पायाखालच्या जमिनीतून वर येत होता. माझी बायको माझ्याकडे बघत होती आणि मी वनूकडे. वनूचा चेहरा पांढरा पडला होता. कानाशी हात गेले नाहीत, पण दोन्ही हातांनी तिनं मामांचं बोट आवळून धरलं होतं. ती विमानाच्या पायरीपर्यंत चालत गेली आणि थांबली.

"नको का गं?" बायको पुढे होऊन म्हणाली. "नको तर नको. चल, घरी जाऊ."

"मला जायचंय," वनू म्हणाली. "मामाआजोबा येणार."

"मी कसा येईन?" मामा म्हणाले. "मी खाली हवा ना. निशाण कोण दाखवणार तुला?"

"वरून माणसं मुंगीएवढी दिसतात. तुम्हीच सांगितलंत. मग मला तुम्ही कसे दिसाल?"

तिकिटं बघणारा पारशी गृहस्थ घाई करत होता. "चाला मास्तर, चाला, साहेब वाट बघते! कोण बसते, लवकर बसा!" मागे लोक रेटत होते. मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या पोटाकडे पाहिलं, मग त्या रूळ नसलेल्या गाडीकडे पाहिलं. कपाळावर घाम आला होता. मला वाटलं, आता हे नाही म्हणणार, आणि इतक्या दिवसांची सगळी मेहनत इथे पायरीशी संपणार. मामांनी डोक्यावरचा रुमाल उतरवून माझ्या हातात दिला. त्यांचं डोकं उघडं मी कधी पाहिलं नव्हतं. विरळ पांढरे केस वाऱ्यानं उभे राहिले. मग निशाण दिलं, मग पिशवी दिली, आणि रिकाम्या हातांनी, धोतराचा सोगा सावरत, ते पायरी चढले.

वनू त्यांच्याशेजारी बसली. मी खालून बघत होतो. मामा समोरचा काठ दोन्ही हातांनी पकडून ताठ बसले होते, बाहेरगावी चाललेल्या एखाद्या देवाच्या मूर्तीसारखे. वनूनं त्यांच्याकडे पाहिलं. मग तिनं आपली कानटोपी एका बाजूनं वर केली, एका कानातला कापूस काढला आणि मामांच्या कानात नीट, बोटानं दाबून बसवला. टोपी पुन्हा खाली ओढली. तेवढ्यात विमान हललं.

ते माळावरून उड्या मारत धावलं, आणि कधी जमीन सुटली ते कळलंच नाही. माझ्या शेजारी मंद्रूपचा एक शेतकरी आणि त्याचा सोबती उभे होते.

"लई वर गेलं की ओ! आत मानूस हाय का न्हाय?"

"हाय की. येक म्हातारा आन् येक पोरगी बसल्याती."

"म्हाताऱ्याला कशापायी नेलं आसंल?"

"पोरीला भ्या वाटू न्हाय म्हनून."

"व्हय, तेबी खरंच."

बायकोनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की तिथे वळ उठले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती तोंडानं म्हणत होती, "निशाण धरा ना हो, निशाण धरा." मी बाभळीखाली उभा राहून हिरवं निशाण धरलं. विमान किल्ल्याकडे गेलं, तळ्यावरून वळलं, ठिपक्याएवढं झालं आणि पुन्हा मोठं होऊ लागलं. तेवढा वेळ मला खूप मोठा वाटला. उतरल्यावर मी धावत गेलो. वनूचे गाल लालभडक झाले होते. ती उडी मारूनच खाली आली आणि आईच्या गळ्यात पडून म्हणाली, "मी रडले नाही. मामाआजोबा रडले."

"वारा होता," मामा म्हणाले. "डोळ्यांत वारा गेला." मग माझ्याकडे हात पुढे करत म्हणाले, "रुमाल." पण रुमाल हातात घेऊनही त्यांनी तो बांधला नाही.

बायको वनूला बैलगाड्यांकडे घेऊन गेली. कुणीतरी तिला हुरडा देऊ केला होता. मामा आणि मी माळावर दगडावर बसलो. माझ्याकडे न बघता ते बोलायला लागले.

"वरून आपली लाइन दिसली, जावईबापू. सगळी एकदम. मी ज्या स्टेशनांवर जन्म काढला ती एका रेषेवर, ज्वारीच्या दाण्यांसारखी. एकेका गाडीसाठी मी जीव टाकला. आणि वरून ती गाडी किती हळू चालली होती." ते थांबले. "मला वर काहीच करायचं नव्हतं. पिशवी नाही, काही नाही. विमान पडलं तर मी काय करणार होतो? काहीच हातात नव्हतं. आधी फार भीती वाटली. मग पोरीनं माझा हात धरला आणि बरं वाटायला लागलं."

मी त्यांची पिशवी त्यांच्याजवळ ठेवली.

"ही गेली तेव्हाही माझ्या हातात काही नव्हतंच," मामा म्हणाले. "मला उगाच वाटत राहिलं, की थोडी आधी तयारी केली असती तर."

त्यांच्या तोंडून मामींच्या जाण्याचा उल्लेख मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मी त्यांच्याशेजारी बसून राहिलो. थोड्या वेळानं ते उठले, शेतकऱ्यांच्या गाडीपाशी गेले आणि न विचारता, हात न धुता, मूठभर हुरडा घेऊन खाऊ लागले.

वनू जूनमध्ये शाळेत जाऊ लागली. पहिले काही दिवस घंटेच्या वेळी ती भिंतीला पाठ लावून उभी राही, असं तिच्या बाईंनी सांगितलं. मग तेही सुटलं. आता ती तिच्या घरी आहे, तिला मुलं आहेत, आणि विमानातलं तिला फारसं काही आठवत नाही. खूप गार वारा होता आणि कोटाचं बटण गालाला टोचत होतं, एवढंच म्हणते. मामा त्यानंतर काही वर्षं होते. थोडे सैल झाले होते, असं मला वाटे. फार नव्हे. एका थंडीत तेही गेले, झोपेतच, कुणाला काही सांगायला वेळ न देता.

मला ते आठवतात ते त्या दिवशीच्या संध्याकाळचे. टांगा पेठेत शिरला तेव्हा दिवेलागण झाली होती. वनू मामांच्या खांद्यावर गाढ झोपली होती. तिचं तोंड उघडं, आणि गालावर खारकेचा चिकट डाग. दारात टांगा थांबला, बायको आत दिवा लावायला गेली. मी वनूला घ्यायला हात पुढे केले. मामा खाली उतरले, पण त्यांनी तिला माझ्याकडे दिलं नाही. "थोडं थांबा," ते हळू आवाजात म्हणाले, "आत्ताच डोळा लागलाय तिचा." आणि तिला तसंच खांद्यावर घेऊन, उघड्या डोक्यानं, गल्लीच्या त्या टोकापर्यंत हळूहळू चालत गेले.